पाणलाव्यासाठी जुनी दुनळी : वेब्ली अँड स्कॉट ७००चे परीक्षण

बंदूक कोणत्या कामासाठी पारखली हे आधी सांगितले नाही, तर तिची स्तुती आणि तिच्यावरची टीका दोन्ही अधांतरी राहतात. पुढील मजकूर बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कारखान्यात तयार झालेल्या ‘७००’ या बारा बोअरच्या दुनळीविषयी आहे आणि तो एकाच कामापुरता आहे : आयर्लंडच्या पश्चिमेकडील दलदलीत लव्हाळ्यातून पायी हिंडून केलेली स्नाईपची, म्हणजे आपल्या पाणलाव्याची, शिकार. मातीच्या तबकड्या फोडण्यासाठी किंवा संध्याकाळी पाणवठ्यावर बदकांची वाट पाहत बसण्यासाठी ती कशी आहे, याचा उल्लेख ओझरताच येईल. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः आयर्लंड आणि ब्रिटन येथे राहणाऱ्या, तेथील परवाना असलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. गावच्या घरी आजोबांच्या नावावरची एखादी दुनळी पाहत जे वाढले, त्यांनाही यातील यंत्राविषयीचा भाग कदाचित रंजक वाटेल.

या शिकारीत बंदूक कशी असावी हे शिकाऱ्याच्या आवडीपेक्षा पक्षीच ठरवतो. पाणलावा वजनाने जेमतेम शंभर ग्रॅमचा आणि त्याची सरळ चोच मात्र सहा-सात सेंटीमीटर लांब. ही चोच चिखलात रुतलेली असतानाच तिचे लवचिक टोक उघडून तो गांडुळे आणि अळ्या पकडतो. रात्री तो ओल्या कुरणांत चरतो आणि दिवसा लव्हाळ्याच्या बुंध्याशी दडून राहतो. पाठीवरचे पिवळसर पट्टे वाळलेल्या गवतात इतके बेमालूम मिसळून जातात की पाच पावलांवर बसलेला पक्षीही दिसत नाही; दिसतो तो उठल्यावरच, आणि तोही बहुधा दहा-पंधरा मीटरच्या पुढे. चिखलात रुतलेला गमबूट उपसताना येतो तसा एक खरखरीत आवाज काढून तो उठतो, क्षणभर सरळ जातो, मग डावी-उजवीकडे झोकांड्या देत वेग घेतो आणि पुरेसा लांब गेल्यावर उंच चढून सरळ मार्गाला लागतो. उठल्यापासून पल्ल्याबाहेर जाईपर्यंत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही.

या दोन-तीन सेकंदांचे काय करावे, यावर जुन्या शिकाऱ्यांत दोन तट आहेत. झोकांड्या सुरू होण्यापूर्वीच, बंदूक खांद्याला लागताक्षणी, बार काढावा असे काहींचे म्हणणे; तर झोकांड्या संपून पक्षी सरळ होईपर्यंत थांबावे असे दुसऱ्यांचे. मी पहिल्या तटातला आहे. दुसऱ्या पद्धतीत पक्षी सरळ होईपर्यंत तो पस्तीस-चाळीस मीटरवर पोहोचलेला असतो, आणि एवढ्या लहान पक्ष्यावर त्या अंतरावर छर्ऱ्यांची दाटी पुरेशी राहत नाही. पक्षी जखमी होऊन लव्हाळ्यात हरवण्याची शक्यता तेथे फार वाढते. पहिली पद्धत पत्करली की बंदुकीकडून काय हवे ते आपोआप ठरते : ती हलकी हवी, दोन्ही हातांच्या मधोमध तोललेली हवी, नेम धरण्याचा विचार न करता नजर जाईल तिकडे जाणारी हवी आणि जवळच्या अंतरावर छर्रे मोकळे पसरवणारी हवी. वारा पाठीवर घेऊन चालावे हा जुना सल्लाही येथे उपयोगी पडतो, कारण पाणलावा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उठतो. म्हणजे तो आपल्या रोखाने उठून मग वळतो आणि त्या वळणावर त्याची पूर्ण बाजू समोर येते.

जमिनीचाही विचार करायला हवा. मेयो आणि कॉनेमारा या भागांत पीट नावाची, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची जमीन मैलोन्‌मैल पसरलेली आहे. तिच्यावर स्फॅग्नम शेवाळाची गादी असते आणि जेथे ही गादी सर्वात हिरवीगार, सर्वात लोभस दिसते, तेथेच पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. बार काढण्याच्या क्षणी दोन्ही पाय भक्कम टेकलेले असण्याचा योग क्वचितच येतो. जड बंदूक असेल तर अशा वेळी ती शिकाऱ्याला आपल्या मागे ओढते. शिवाय ती तासन्‌तास दोन्ही हातांत धरून चालायचे असते, खांद्याला अडकवून नव्हे, कारण पट्टा खांद्यावरून काढेपर्यंत पक्षी क्षितिजावर गेलेला असतो.

आता प्रत्यक्ष बंदुकीकडे वळू. वेब्ली हे नाव आपल्याकडे ब्रिटिश अमदानीतील रिव्हॉल्व्हरमुळे माहीत आहे. पी. वेब्ली अँड सन, डब्ल्यू अँड सी स्कॉट अँड सन आणि रिचर्ड एलिस अँड सन हे तीन व्यवसाय १८९७मध्ये एकत्र येऊन वेब्ली अँड स्कॉट ही कंपनी झाली. यातील स्कॉट हे दुनळीचे कसबी कारागीर होते आणि इतर दुकानदारांसाठी बंदुका घडवून देणे हा त्यांचा मोठा व्यवसाय होता. त्यामुळे दोन नळ्यांमधल्या पट्टीवर एखाद्या गावच्या दुकानदाराचे नाव असलेली बंदूकही प्रत्यक्षात याच कारखान्यातून आलेली असू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर ७०० ही मालिका निघाली आणि १९७०च्या दशकाच्या शेवटी कारखान्याने दुनळ्या बनवणे थांबवेपर्यंत ती चालू राहिली. ७०१ आणि ७०२ या तिच्याच अधिक नक्षीदार, अधिक चांगल्या लाकडाच्या बहिणी आहेत. आतील यंत्र तेच. आज याच नावाने तुर्कस्तानात तयार झालेल्या बंदुकाही विकल्या जातात. त्यांचा आणि या परीक्षणाचा संबंध नाही.

आतील यंत्र अ‍ॅन्सन आणि डीली यांचे आहे. बर्मिंगहॅमच्याच वेस्टली रिचर्ड्‌समधील विल्यम अ‍ॅन्सन आणि जॉन डीली या दोघांनी १८७५मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधीच्या बंदुकांत बाहेर दिसणारे घोडे अंगठ्याने मागे ओढावे लागत. या रचनेत नळ्या खाली वाकवल्या की त्यांच्याच वजनाच्या जोरावर आतील घोडे चढतात. सुटे भाग थोडे, ते सगळे एका लोखंडी पेटीत बंद, आणि चिखलपाण्याला आत शिरायला वाटा कमी. बाजूच्या पट्ट्यांवर यंत्र बसवलेल्या महागड्या बंदुका दिसायला अधिक देखण्या असतात यात शंका नाही, पण दलदलीत गुडघाभर पाण्यात उतरताना मला हातात ही पेटीच हवी असते. तेवढी चैनीची वस्तू चिखलात नेण्याची हिंमत होत नाही, हे त्यामागचे दुसरे आणि कदाचित अधिक खरे कारण.

अठ्ठावीस इंची नळ्यांच्या या बंदुकीचे वजन साधारण साडेसहा पौंड, म्हणजे तीन किलोच्या किंचित आत, भरते. आजच्या वरखाली नळ्यांच्या बारा बोअरशी तुलना केली तर फरक पावशेराच्या आसपासचा आहे आणि कागदावर तो क्षुल्लक वाटतो. खरा फरक मात्र हे वजन कोठे बसवले आहे यात आहे. बिजागराच्या खिळ्याखाली एक बोट ठेवले तर बंदूक जवळपास आडवी तरंगते; नळ्यांचे टोक खाली जात नाही आणि दस्ताही झुकत नाही. दस्ता सरळ मानेचा, पकडीला बाक नसलेला, आणि पुढचे लाकूड इतके बारीक की डावा हात लाकडावर कमी आणि नळ्यांवरच जास्त विसावतो. दोन्ही तळहात एकाच पातळीत, नळ्यांच्या रेषेत येतात. पाणलावा उठताच डावा हात त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखा पुढे जातो आणि बंदूक त्याच्याबरोबर जाते. वरखाली नळ्यांच्या माझ्या बंदुकीने मी तबकड्या निश्चितच जास्त फोडतो, पण तेथे बंदूक आधीच खांद्याला लावण्याची आणि ‘सोडा’ म्हणण्याची सोय असते. पाणलावा तशी सवड देत नाही.

दस्त्याच्या मापाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण जुनी बंदूक घेताना लोक नळ्या तपासतात, लाकडाचा पोत पाहतात आणि माप विसरतात. या बंदुकांचे दस्ते त्या काळच्या उंच इंग्रज गिऱ्हाइकांसाठी बेतलेले असत. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेचौदा इंच हे नेहमीचे माप. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाने दलदलीत स्वेटर, त्यावर मेणकापडाचे जाड जाकीट चढवले की हे माप लांब पडते आणि बंदूक वर येताना दस्ता काखेत अडकतो. दस्ता अर्धा इंच कापून घेणे हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे किरकोळ काम आहे, आणि कापलेला तुकडा जपून ठेवला तर बंदूक पुन्हा विकताना उपयोगी पडतो. दस्त्याचा बाजूचा बाकही पाहावा. उजव्या खांद्यासाठी तो किंचित उजवीकडे वळवलेला असतो. डावखुऱ्या माणसाने अशी बंदूक तशीच वापरली तर त्याचे सगळे बार एकाच बाजूला जातील आणि तो दोष स्वतःच्या डोळ्यांना देत बसेल.

दोन चाप ही या बंदुकीची मला सर्वात आवडलेली गोष्ट. पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा. उजव्या नळीचे तोंड जवळपास मोकळे असते आणि डावीला अर्धा चोक, म्हणजे टोकाशी थोडी आवळलेली नळी, असा या बंदुकांचा सर्वसाधारण बेत आहे. पायाजवळून उठलेल्या पक्ष्यावर पुढचा चाप आणि लांब उठलेल्यावर थेट मागचा, ही निवड बोटाला कोणतेही बटण न चाचपता करता येते. दुसरा पक्षी पहिल्याच्या आवाजाने उठतो, असे नेहमी होते. तेव्हा बोट एका चापावरून दुसऱ्यावर सरकायला काहीच वेळ लागत नाही. एकाच चापाची सवय असलेल्यांना सुरुवातीला बोट कोठे आहे याचा गोंधळ होतो. जाड हातमोजे घातल्यास हा गोंधळ वाढतो, म्हणून तर्जनी उघडी राहील असे पातळ हातमोजे वापरावेत.

सुरक्षेच्या खटक्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बंदूक उघडली की खटका आपोआप मागे, सुरक्षित जागी, जातो. मूळ हेतू स्तुत्य आहे, परंतु गारठलेल्या, ओल्या अंगठ्याने तो प्रत्येक वेळी पुढे ढकलावा लागतो आणि घाईघाईत काडतुसे भरल्यानंतर उठलेला पक्षी हमखास सुटतो. सवयीने अंगठा आपोआप चालू लागतो हे खरे. तरीही ही सवय लावून घ्यावी लागते. आणि कोणताही खटका असला तरी चर किंवा काटेरी तार ओलांडताना बंदूक उघडून काडतुसे काढणे याला पर्याय नाही. दुनळीचा मोठा गुण हा की ती मोडून हातावर घेतली की शेजारच्या माणसालाही लांबूनच ती निर्धोक असल्याचे दिसते.

रिकामी काडतुसे बाहेर फेकणारी योजना, जिच्यामुळे त्या काळी या बंदुकीला चार पैसे जास्त मिळत, ती या कामात मला अडचणीचीच वाटते. बंदूक उघडली की रिकामे नळकांडे टणकन खांद्यावरून मागे उडते आणि काळ्या पाण्यात पडते. प्लॅस्टिकचे ते नळकांडे तेथे आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत राहील. म्हणून उघडताना तळहात मागे आडवा धरण्याची सवय ठेवावी, म्हणजे दोन्ही नळकांडी हातात येतात आणि खिशात जातात. ज्यांत ही योजना नाही, नळकांडी केवळ थोडी वर उचलली जातात, अशा साध्या बंदुका बाजारात स्वस्त मिळतात आणि पाणलाव्यासाठी मी त्यांचीच शिफारस करेन.

आता काडतुसे. जुन्या दुनळीचे या शिकारीतील भवितव्य त्यांच्यावरच अवलंबून आहे. १५ फेब्रुवारी २०२३पासून संपूर्ण युरोपीय संघात पाणथळ जागी आणि तिच्यापासून शंभर मीटरच्या आत शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी आहे, आणि या नियमातील पाणथळाच्या व्याख्येत पीटची जमीनही येते. पाणलाव्याची शिकार दुसरीकडे होतच नाही, तेव्हा आयर्लंडमध्ये या कामासाठी शिसे संपले असे समजावे. बंदीचे कारण रास्त आहे : बदके आणि इतर पाणपक्षी तळाशी पडलेले छर्रे दगडाचे कण समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्स येथे पाणथळींसंबंधीचे असे नियम, थोड्याफार फरकाने, त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

शिशाच्या जागी सर्वात स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा पर्याय पोलादाचा. पोलाद कठीण असल्याने नळीच्या आतील पृष्ठभागाला छर्ऱ्यांपासून वाचवणारी जाड पिशवी काडतुसात घालावी लागते, आणि आवळलेल्या टोकाशी हे छर्रे शिशाप्रमाणे दबत नाहीत. साधा दाब असलेली पोलादी काडतुसे, चोक अर्ध्यापेक्षा जास्त नसेल आणि नळ्या सुस्थितीत असतील, तर जुन्या बंदुकीतही चालू शकतात, असे अनेक जाणकार सांगतात. पण हा निर्णय त्या विशिष्ट बंदुकीच्या नळ्या मोजलेल्या कारागिराचा असावा, दुकानातील मित्राचा नव्हे. जास्त दाबाची पोलादी काडतुसे मात्र लिलीच्या फुलाची चाचणी-खूण, म्हणजे अशा काडतुसांसाठी चाचणी झाल्याचे चिन्ह, असलेल्या बंदुकांसाठीच असतात आणि ती या बंदुकीत कधीही घालू नयेत.

मी बिस्मथ वापरतो. त्याची घनता घनसेंटीमीटरला साधारण ९.६ ग्रॅम आहे, शिशाची ११.३ आणि लोखंडाची ७.८. म्हणजे तो शिशाच्या बराच जवळ जातो. तो पुरेसा मऊ असल्याने नळीला इजा करत नाही आणि त्याच्याबरोबर प्लॅस्टिकऐवजी तंतूंचा बूच चालतो, जो दलदलीत कुजून जातो. शुद्ध बिस्मथ ठिसूळ असल्याने त्यात थोडे कथील मिसळतात. शिशाच्या काळात पाणलाव्यासाठी लोक इंग्रजी आठ नंबर वापरत, ज्याचे एका औंसात सुमारे ४५० छर्रे बसतात. बिस्मथमध्ये एक पायरी जाड, म्हणजे सात नंबर, घेणे योग्य ठरते. त्यात छर्ऱ्यांची दाटी कमी होते असे वाटेल, परंतु धातू हलका असल्याने तेवढ्याच वजनात छर्रे थोडे जास्त मावतात आणि मोकळ्या नळीतून पंचवीस मीटरपर्यंतचा पसारा मला समाधानकारक आढळला. कागदावर बार काढून पसारा पाहण्याचे काम प्रत्येकाने करावे. एकच काडतूस दोन बंदुकांत निरनिराळे वागते. किंमत मात्र दुखते. शिशाच्या काडतुसाच्या कित्येक पटीने बिस्मथ महाग आहे आणि पाणलाव्यावर फुकट जाणाऱ्या बारांचे प्रमाण पाहता खिशाला चाट बसतेच. त्याचा एक अनपेक्षित फायदा असा की शिकारी लांबचे, नशिबावर सोडलेले बार काढेनासा होतो.

बंदूक विकत घेताना सर्वात आधी चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची, लांबी पाहावी. या मालिकेतील अनेक बंदुकांची चेंबर अडीच इंची आहे, काहींची पावणेतीन इंची. आजची बहुतेक काडतुसे सत्तर मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन इंची, असतात. धोका असा की सत्तरचे काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये सहज बसते आणि बंदूक बंदही होते, कारण डब्यावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते, दुमडलेल्या तोंडाच्या भरलेल्या काडतुसाची नव्हे. बार होताना मात्र उघडलेले तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बंदूक त्याच क्षणी फुटेलच असे नाही. ती हळूहळू सैल होईल, आणि दुर्दैव असेल तर फुटेलही. डब्यावर अडीच इंची चेंबरसाठी योग्य असे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय काडतूस घेऊ नये.

नळ्या काढून त्यांच्या खालच्या सपाट भागावरील खुणा वाचता आल्या तर बरीच माहिती मिळते. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मुकुट आणि ‘बीएनपी’ ही अक्षरे, नळीचा आतील व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, चेंबरची लांबी आणि चाचणीचा दाब, हे सगळे तेथे कोरलेले असते. १९५४च्या नियमांनंतरच्या अडीच इंची बारा बोअरवर ‘३ टन’ ही खूण बहुधा आढळते. कोरलेला व्यास आणि आज मोजलेला व्यास यांत मोठा फरक पडला असेल, तर गंज काढण्यासाठी नळ्या आतून घासल्या गेल्या आहेत असे समजावे. नळीच्या भिंतीची जाडी ०.०२० इंचापेक्षा कमी भरली तर व्यवहारातील लोक हात आखडता घेतात. ही मोजमापे विक्रेत्याने आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवावीत असा आग्रह धरावा. टाळाटाळ करणाऱ्या दुकानातून मी काही न घेताच बाहेर पडलो आहे. शेवटी पुढचे लाकूड काढून, बंदूक बंद ठेवून, नळ्या हलक्या हाताने हलवून पाहाव्यात. बिजागर खिळखिळे असेल तर ते तेव्हाच कळते.

दलदल बंदुकीची परीक्षा पाहते. पीटचे पाणी आम्लधर्मी असते आणि जुन्या नळ्यांवरचा काळा मुलामा आधीच ठिकठिकाणी विरलेला असतो. घरी येताच बंदूक तीन भागांत सुटी करावी, कोरड्या फडक्याने पुसावी, दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेला अडकलेले पाणी टिपून घ्यावे आणि ती रात्रभर मोकळ्या हवेत, तोंड खाली करून उभी ठेवावी; तेल दुसऱ्या दिवशी, अगदी पातळ. ओली बंदूक कपाटात बंद करणे किंवा शेकोटीजवळ ठेवणे या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत, दुसरी तर अधिकच, कारण अक्रोडाचे लाकूड लोखंडालगत तडकते. जास्त तेल ओतणाऱ्यांच्या बंदुकीत ते यंत्रातून झिरपून दस्त्याच्या मानेत मुरते आणि काही वर्षांनी तेथले लाकूड काळे व मऊ पडते. म्हणून जुनी बंदूक पाहताना ही जागा नखाने दाबून पाहावी. वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, यंत्र कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावे. आतले स्क्रू स्वतः उघडण्याचा मोह आवरावा.

परवान्याविषयी थोडक्यात. आयर्लंडमध्ये प्रत्येक बंदुकीला स्वतंत्र परवाना लागतो. तो गार्डा, म्हणजे तेथील पोलीस, देतात, त्याची मुदत तीन वर्षांची आणि शुल्क ८० युरो आहे. बंदूक सुरक्षित ठेवण्याची सोय, ती चालवता येत असल्याचा पुरावा आणि शिकारीसाठी जमीनमालकाची परवानगी किंवा स्थानिक गन क्लबचे सभासदत्व दाखवावे लागते. परवाना हाती येईपर्यंत बंदूक दुकानदाराकडेच राहते. नव्याने येथे स्थायिक झालेल्या माणसाला गन क्लब हाच खरा दरवाजा आहे, कारण कोणत्या दलदलीत पाय ठेवावा आणि कोणत्यात नाही हे क्लबातील जुन्या मंडळींनाच ठाऊक असते.

आयर्लंडमध्ये पाणलाव्याचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी असा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसणाऱ्या पक्ष्यांत स्थानिक पिलावळ बरीच असते. आइसलँड आणि उत्तर युरोपातून येणारे पाहुणे थंडी वाढत जाते तसे वाढतात. आयर्लंडमध्ये विणीसाठी राहणाऱ्या पाणलाव्यांची संख्या रोडावली आहे आणि तेथील पक्ष्यांच्या संवर्धन-यादीत त्याची नोंद आता लाल गटात आहे. घट मुख्यतः ओल्या जमिनी कोरड्या करण्यामुळे आणि शेतीच्या पद्धती बदलल्यामुळे झाली असली, तरी बंदूकधाऱ्याला त्यातून पूर्ण अंग काढून घेता येत नाही. नोव्हेंबरपूर्वी या पक्ष्यावर बार काढू नये आणि दीर्घकाळ गोठलेल्या थंडीत, जेव्हा सगळे पक्षी न गोठलेल्या झऱ्यांभोवती गोळा होतात, तेव्हा बंदूक घरीच ठेवावी, असे माझे मत आहे. आकाराने लहान आणि उठताना बहुधा गप्प राहणारा जॅक स्नाईप ब्रिटनमध्ये संरक्षित आहे. आयर्लंड आणि ब्रिटन दोन्हीकडे शिकारीला जाणाऱ्याने तो ओळखायला शिकावे. जाता जाता पाककृतीविषयी : जुन्या पद्धतीत पक्षी आतड्यांसकट भाजून भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर वाढतात आणि माणशी एक पुरेसा मानतात. मालवणी मसाल्यात त्याची मूळ चव पार हरवते. लोणी, मीठ आणि मिरपूड यांच्यापुढे जाऊ नये, आणि दाताखाली छर्रा येईल याचे भान ठेवावे.

आता पर्यायांचा विचार. स्पेनमधील आयबार गावची आया कंपनी अशाच धाटणीच्या दुनळ्या आजही बनवते. त्यांची चार नंबरची बंदूक रचनेने ७००ची जवळची नातलग आहे. नवी घेतली तर किंमत कित्येक हजार युरोंच्या घरात जाते, जुनी मात्र आवाक्यात येते. वीस बोअर आणखी हलकी पडते आणि पाणलाव्यासाठी ती पुरेशीही आहे, पण तिच्यासाठी बिस्मथची काडतुसे शोधत फिरावे लागते. ज्याला एकाच बंदुकीत तबकड्या, बदके आणि पाणलावा हे सगळे हवे आहे, त्याने पोलादासाठी चाचणी झालेली वरखाली नळ्यांची आधुनिक बंदूक घ्यावी. ७०० त्याला बदकांच्या शिकारीत आणि काडतुसांच्या खर्चात निराश करेल. पण ज्याच्याकडे तशी एक आहे आणि ज्याला लव्हाळ्यातून चालण्यासाठीच दुसरी हवी आहे, त्याने काही शे युरोंत मिळणारी ७०० पाहायला हरकत नाही. शिशावरील बंदीनंतर अशा बंदुकांचे भाव उतरलेले आहेत आणि विक्रेते घासाघीस ऐकून घेतात. दोन उपलब्ध असतील तर नक्षी चांगली असलेली सोडून नळ्या जाड असलेली निवडावी, आणि चेंबर पावणेतीन इंची मिळाली तर तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.